रिपोर्टची झेरॉक्स न्यावी की स्लाइड-ब्लॉक?

प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला की सेकंड ओपिनियनसाठी दोन रस्ते. एक तर रिपोर्टची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे जायचं. नाहीतर लॅबमधून स्लाइड (तुकड्याचे काप लावलेल्या काचा) आणि ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) सोडवून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचे. मी दोन्ही केलं, तेही चुकीच्या क्रमाने.

झेरॉक्सचं काम एका संध्याकाळी होतं. डॉक्टर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), एमआरआय बघतात, चार शब्द बोलतात, मन हलकं होतं. रिपोर्टात एकेका तुकड्याचा हिशोब आणि ग्रेड ग्रुप (कॅन्सर किती आक्रमक, याचा 1 ते 5 दर्जा) असेल, तर बहुधा तेवढं पुरावं.

माझ्या रिपोर्टात मात्र एकच ओळ होती: 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा, ग्लीसन स्कोअर 7'. म्हणजे कॅन्सर, आणि पेशींची रचना किती बिघडली याचे दोन आकडे मिळवून सात. आता हे सात 3+4 की 4+3? पहिला आकडा जास्त जागा व्यापलेल्या रचनेचा (पॅटर्नचा) असतो. 3+4 म्हणजे ग्रेड ग्रुप 2, 4+3 म्हणजे 3; बेरीज तीच, आजार वेगळा. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद उलटून पाठची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, "काका, यात फोडच नाही. मी काय सांगू?" त्यांचं बरोबरच होतं. फी मात्र गेली.

स्लाइडच्या रस्त्याला खेपा फार. अर्ज, सही, आधारची झेरॉक्स, वर 'ब्लॉक उद्या मिळेल'. असे तीन उद्या झाले. ब्लॉक मेणाचा, म्हणून उन्हात गाडीत ठेवू नका. पण तो सोडूही नका. शंका आली तर त्यातूनच नवा काप काढून आयएचसी (पेशी ओळखायची खास रंग-तपासणी) करतात. काचा मी फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा लोकलमध्ये मांडीवर धरून बसलो. (शेजारच्याने विचारलं, लाडू का?) परळच्या टाटा मेमोरियलमध्येही बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी होते.

माझा निकाल आला 3+4: बारापैकी तीन तुकड्यांत, पॅटर्न 4 फक्त दहा टक्के, क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारखी, जास्त धोक्याची रचना) नाही. 'क्रिब्रिफॉर्म नाही' हे लिहिलेलं असणंही महत्त्वाचं, हे मला तेव्हा कळलं.

तुमचं गणित वेगळं असू शकेल. बहुतेक तुकड्यांत 4+5 (ग्रेड ग्रुप 5, सगळ्यात आक्रमक) लिहिलेलं असेल, तर स्लाइड फिरवण्यात उपचार लांबवू नका. डॉक्टरांना विचारून दोन्ही सोबत चालवा. माझ्यासारखं नुसतं 'सात' असेल, तर मी आधी डबा शोधेन.