फ्रेंच डिफेन्स: पावसाळ्यापासूनचा अनुभव आणि सी८ वरचा तो उंट

पावसाळ्यापासून बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन पांढऱ्याच्या ई४ ला मी ई६ शिवाय, म्हणजे फ्रेंच डिफेन्सशिवाय, दुसरं उत्तर दिलेलं नाही. क्लबात, रेटिंग स्पर्धांत, रात्री ऑनलाइन, सगळीकडे फ्रेंच. आज लिहायला बसलो, कारण ज्या उंटावर इतके महिने चिडत होतो, त्यानेच रविवारचा डाव काढून दिला.

सुरुवातीच्या चाली (१. ई४ ई६ २. डी४ डी५) सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे थेट तक्रारीवर येतो. तिसऱ्या खेळीला पांढरा ई५ सारतो आणि सी८ चा उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जातो. घोड्याला एफ६ मिळत नाही. कॅरो-कानमध्ये (ई४ ला सी६ हे उत्तर) हाच उंट आधी एफ५ वर निघतो, मग ई६ होतं. इथे तो बाहेर काढायचा तर बी६ करून ए६ वरून, नाहीतर डी७ वरून बी५ ला. कोंडमारा झाला की मारामारी करून मोहरी कमी करा, हा जुना नियम बरोबरच आहे. पण त्यात खेळ्या जातात आणि तोवर पांढरा राजावर चालून येतो.

त्यात दोन हजारांवर मोजून घेतलेला कोर्स. विनावरचे (फ्रेंचचाच उपप्रकार, ३. घोडा सी३ उंट बी४) व्हिडिओ संपता संपत नाहीत आणि ई५ वर जेमतेम एक! माझ्या पातळीवर बहुतेक जण ई५च ढकलतात. पैसे परत मागितले तर नियम दाखवले. तो राग अजून आहे. त्यापेक्षा वोल्फगांग उल्मानचे फुकट मिळणारे डाव कितीतरी शिकवून गेले. पूर्व जर्मनीचा हा माणूस जवळजवळ आयुष्यभर फ्रेंच खेळला. १९६० मध्ये ब्यूनस आयर्सला बॉबी फिशरला (पुढे विश्वविजेता झालेला) हरवलं तेही यातच.

ते डाव पाहता पाहता माझं मत बदललं. अडचण उंटापेक्षा घाईची आहे. ३...सी५ ४. सी३ नंतर (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी) सी५-डी४ चा ताण, म्हणजे एकमेकांना मारू शकणारी प्यादी, हात शिवशिवले तरी सोडायचा नाही. लगेच डी४ वर मारलं की पांढरा सी-प्याद्याने परत मारतो आणि त्याच्या घोड्याला सी३ हे हक्काचं घर मिळतं. ताण धरून ठेवला तर ते घर त्याच्याच प्याद्याने अडवलेलं राहतं. आपण घोडा सी६, वजीर बी६ आणून डी४ वर वजन वाढवत राहायचं.

रविवारी समोरच्याने सहावी खेळी उंट डी३ केली. म्हणजे त्याच्या वजिराचा डी४ वरचा आधार त्याच्याच उंटाने तोडला. मारायची वेळ ती. ६...सी×डी४ ७. सी×डी४ (× म्हणजे मारणं), आणि इथे मी लगेच घोड्याने डी४ घेतलं तर घोडे कापले जातात, माझा वजीर डी४ वर येतो आणि त्याच्या उंटाचा बी५ वरून शह बसून वजीर जातो. म्हणून ७...उंट डी७! एक घर सरकला, बी५ चा शह निकामी, आणि पुढच्या खेळीला प्यादं माझं. तो कोंडलेला उंटच. नंतर ई५ चं प्यादंही खुणावतं, पण ते घेतलं की पांढऱ्याचे हत्ती-घोडे अंगावर येतात. मी आधी ए६ करून बी५ चं घर बंद केलं आणि एका प्याद्याच्या जोरावर शेवट सावकाश जिंकला.

आता तक्रार उरली ती एक्स्चेंजची, म्हणजे पांढरा तिसऱ्या खेळीलाच प्यादी बदलतो त्या प्रकाराची. ३. ई×डी५ ई×डी५ झालं की उंट मोकळा होतो, पण पटावर ताणच उरत नाही. बरोबरी हवी असणारे हेच खेळतात. त्यावर घोडा ई७ आणि मोठ्या (वजिराच्या) बाजूला कॅसलिंग करून पाहतोय. कोणाला याहून बरं काही सापडलं असेल तर सांगा. दुसरा कोर्स मी विकत घेणार नाही.