कलर कॉन्ट्रास्ट अ‍ॅनालायझर: रंग ठरतानाच उघडायचं टूल

डिझायनरना अ‍ॅक्सेसिबिलिटी (अपंग व्यक्तींनाही वापरता येईल अशी रचना) शिकवायची तर सुरुवात कुठून करावी? टीपीजीआय या कंपनीच्या कलर कॉन्ट्रास्ट अ‍ॅनालायझरपासून, असं आमचं स्पष्ट मत आहे. टूल फुकट आहे आणि विंडोज, मॅक दोन्हींवर चालतं. ड्रॉपरने स्क्रीनवरचा कुठलाही रंग उचलायचा, एक अक्षराचा आणि एक पार्श्वभूमीचा. लगेच दोन्हींच्या उजळपणातल्या फरकाचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, गुणोत्तर दिसतं आणि डब्ल्यूसीएजी या वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कुठल्या निकषात जोडी पास, कुठल्यात नापास तेही कळतं.

ही तपासणी बहुतेक ठिकाणी साइट बांधून झाल्यावर होते. तोवर क्लायंटने रंग मंजूर केलेला असतो, तो प्रत्येक स्क्रीनवर पसरलेला असतो, आणि मग बदलायला कुणीच राजी नसतं. मुंबईत तर आता हे टाळताही येणार नाही. बीकेसीत बसणाऱ्या सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ३१ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना डिजिटल अ‍ॅक्सेसिबिलिटी बंधनकारक केली आहे. त्यांचे अ‍ॅप आखणारे स्टुडिओ याच शहरात आहेत.

वर्गात पहिला सराव काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रंगांवर घ्यावा. एफएफसीसी०० या हेक्स कोडच्या (रंगाच्या सहा अक्षरी संकेताच्या) पिवळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर गुणोत्तर १.५१ येतं, काळी ठेवली तर १३.८९. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. मोठ्या मजकुराला, म्हणजे २४ पिक्सेलपासून पुढे किंवा ठळक असेल तर साधारण १८.७ पासून, ३ पुरतं. मग करड्या रंगाकडे वळावं. पांढऱ्यावर ७७७७७७ हा करडा ४.४८ वर नापास होतो आणि ७६७६७६ हा ४.५४ वर पास. डोळ्याला दोन्ही एकच वाटतात. ४.४८ ला ४.५ समजायचं नाही, निकषात पूर्णांकन चालत नाही.

खरं काम मात्र तक्त्याचं आहे. पॅलेटमधले सगळे मजकुराचे रंग आडवे आणि पार्श्वभूमीचे उभे लिहा, प्रत्येक चौकटीत गुणोत्तर भरा, नापास जोड्या तिथेच खोडा. उरलेल्यांनाच फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नावं द्या. ब्रँडचा रंग नापास झाला तर रंगछटा तशीच ठेवून फक्त लाइटनेस (उजळपणा) हळूहळू उतरवा. बहुतेकदा क्लायंटला फरक जाणवतही नाही. इनपुटची, म्हणजे माहिती भरायच्या रकान्याची, चौकट विसरू नका. ई०ई०ई० ही सगळीकडे दिसणारी फिकट रेघ पांढऱ्यावर जेमतेम १.३२ भरते. रकाना ओळखायला तेवढीच रेघ असेल तर तिला ३ हवं.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. ड्रॉपर अक्षराच्या कडेवर टेकवला की कडा मऊ करणारा मधला पिक्सेल उचलला जातो आणि आकडा चुकतो. म्हणून डिझाइन फाइलमधला हेक्स कोड टाइप करणंच बरं. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली नाही तर ड्रॉपरला खिडक्या दिसतच नाहीत, तो मागचा वॉलपेपर वाचतो. नवशिके इथे हमखास अडकतात. फोटोवर किंवा ग्रेडियंटवर मजकूर असेल तर जिथे सर्वात वाईट दिसतो तिथला बिंदू घ्या.

टूलच्या मर्यादाही आहेत. त्याला अक्षराची जाडी कळत नाही. बारीक वजनाच्या देवनागरीत अनुस्वार आणि रफार ४.५ ला पास होऊनही फोनवर विरून जातात. तिथे किमान नेहमीच्या वजनाचा फॉन्ट घ्या आणि ७ च्या आसपास जा. रंगांधतेचं सिम्युलेशन आहे, पण ते तुम्ही निवडलेल्या जोडीचंच, अख्ख्या स्क्रीनचं नाही. शेअरचा भाव वाढला की हिरवा, पडला की लाल, एवढ्यावरच अर्थ सोपवला असेल तर ते हे टूल पकडणार नाही. आकड्याआधी अधिक-उणे चिन्ह देणं हे डिझायनरनेच करायचं.

टॅबचा क्रम (टॅब कळ दाबल्यावर पुढे सरकण्याचा), फोकसची रेघ (निवडलेल्या घटकाभोवतीची), २४ बाय २४ पिक्सेलचं किमान टचक्षेत्र या गोष्टी याच्या कक्षेबाहेरच्या. त्या वायरफ्रेमवर, म्हणजे स्क्रीनच्या कच्च्या आराखड्यावर, हाताने लिहाव्या लागतात, आणि रंगांचा तक्ता पुरा झाला की पुढचा धडा तोच घ्यावा.