आधी 'ईव्हिल डेड २' पाहावा की 'बॅड टेस्ट'?

रक्ताचे पाट वाहत असतानाही हसवणारा चित्रपट पाहायचा झाल्यास जाणकार सहसा सॅम रेमीचा 'ईव्हिल डेड २' (१९८७) सुचवतात, आणि ते वावगे नाही. भूतबाधा झालेला स्वतःचाच हात नायकाच्या डोक्यावर ताटल्या फोडतो आणि शेवटी नायक करवतयंत्राने तो छाटून टाकतो, हा प्रसंग ब्रूस कॅम्पबेलने असा रंगवला आहे की त्याला तोड नाही.

तथापि आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात असे चित्रपट धानाची कापणी आटोपल्यावर चार मित्र जमवून पाहिले जातात, आणि तेथे रेमीची सुरुवातच आडवी येते. पहिल्या भागाची कथा तो आरंभी थोडक्यात पुन्हा सांगतो, पण बदलून: पूर्वी जंगलातल्या घरात पाच जण गेले होते, येथे नायक आणि त्याची प्रेयसी दोघेच जातात. पहिला भाग पाहिलेले 'बाकीचे तिघे कुठे गेले?' म्हणून हटून बसतात, न पाहिलेले त्यांना गप्प करतात, चित्रपट थांबवावा लागतो आणि मग हशा पुन्हा तितका पिकत नाही. एकट्याने पाहणाऱ्याला याचा त्रास कदाचित होणारही नाही.

त्याच वर्षीच्या, न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनच्या 'बॅड टेस्ट'मध्ये ही कटकट नाही. माणसांचे मांस खाद्यपदार्थ म्हणून विकायला नेणारे परग्रहवासी आणि त्यांना अडवणारी मूठभर सरकारी पोरे, एवढेच कथानक असल्यामुळे उशिरा येऊन बसलेल्यालाही काही विचारावे लागत नाही. जॅक्सनने मित्रांना हाताशी धरून, सुट्ट्यांच्या दिवशी, सुमारे चार वर्षे चित्रीकरण केले, मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले आणि दोन भूमिका स्वतःच करून कड्यावर त्या दोघांना एकमेकांशी भिडवले. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात रंगमंचावरील तडजोड दिसत असूनही प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही, तसाच येथे तो उघडा दिसणारा जुगाडच निम्मे हसू वसूल करतो. फुटलेल्या कवटीतून सांडणारा मेंदू आत कोंबून वरून पट्टा आवळणारा डेरेक तर आमच्याकडे नायकच ठरला. संवाद मागाहून ध्वनिमुद्रित केलेले असल्याने ओठांशी नेहमी जुळत नाहीत; पण हिंदीत डब केलेले दक्षिणेचे चित्रपट पाहून सरावलेल्यांना ते खटकू नये.

म्हणून मंडळी जमली असतील तर 'बॅड टेस्ट' आधी लावावा, असे मला वाटते. फक्त सावजी रश्श्याची पंगत उठल्या उठल्या लावू नये. त्यात ओकारीने भरलेले एक वाडगे हातोहात फिरते आणि ते प्यायलेही जाते.