व्हिडिओत वाजलेला ग्रूव्हबॉक्स

पहिला ग्रूव्हबॉक्स (ताल आणि सुरांचे पॅटर्न रचून वाजवणारे यंत्र) किंवा सिंथ (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज तयार करणारे वाद्य) वापरलेला घ्यावा, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा नाही, कारण नीट हाताळलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते. मात्र या यंत्रांचा एक गुणधर्म असा की स्वतःचा आवाज पूर्णपणे बंद पडलेला असतानाही ती व्यवस्थित वाजत आहेत, असे भासवता येते. माझी फसवणूक नेमकी त्याच गुणधर्माच्या आधारे झाली.

जाहिरात आठ ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाचे आठ स्वतंत्र थर वाजवणाऱ्या, एका ग्रूव्हबॉक्सची होती. ‘पूर्णपणे चालू स्थितीत’, ‘पॉलिफोनिक’ (एका वेळी अनेक सूर वाजवणारा) आणि ‘खरा अ‍ॅनालॉग आवाज’ (विद्युत सर्किटमधून थेट निर्माण होणारा) अशी विशेषणे तिच्यात होती. यंत्राचे नाव येथे देत नाही, कारण दोष निर्मात्याचा नव्हता. यंत्र प्रत्यक्षात सॅम्पल (आधीच ध्वनिमुद्रित करून साठवलेले आवाज) वाजवणारे होते, म्हणजे अ‍ॅनालॉगचा दावा मुळातच खोटा होता. वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात या शब्दाभोवती बरीच लबाडी चालते. रोलंडने १९८० ते १९८३ या काळात बनवलेले टीआर-८०८ हे ड्रम मशीन आपले आवाज अ‍ॅनालॉग सर्किटमधून तयार करते. त्याच कंपनीने १९९६ साली ‘ग्रूव्हबॉक्स’ म्हणून बाजारात आणलेले एमसी-३०३ मात्र, नावात टीबी-३०३ या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथची आठवण असली तरी, आत साठवलेली सॅम्पलच वाजवते. त्यामुळे ते टाकाऊ ठरत नाही, पण केवळ आकड्याच्या जोरावर चढी किंमत मागणाऱ्यासमोर हा फरक ठाऊक असलेला बरा. ‘पॉलिफोनिक’ या शब्दाचेही तसेच आहे. कॉर्ग कंपनीच्या व्होल्का कीज या छोट्या सिंथवर तीन सूर एका वेळी वाजतात, परंतु ते तिन्ही एकाच फिल्टरमधून (आवाजाचा पोत बदलणाऱ्या भागातून) जातात. त्याच कंपनीच्या मिनिलॉगमध्ये चारही सुरांना आपापला फिल्टर मिळतो. जाहिरातीत दोघांसाठी एकच विशेषण वापरलेले आढळते.

विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून शंका येण्याचे कारण नव्हते. पॅडचे दिवे तालावर लुकलुकत होते, ट्रॅक एकेक करून बंद केले की आवाजातूनही ते वगळले जात होते आणि सगळे कसे अगदी स्वच्छ ऐकू येत होते. त्यानंतर ‘संकेतस्थळाचे कमिशन दोघांचेही वाचेल’ या सबबीखाली त्याने व्यवहार संकेतस्थळाबाहेर नेला आणि रक्कम थेट आपल्या खात्यात घेतली. वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत पैसे अडवून धरणारी जी सोय अशा संकेतस्थळांवर असते, ती तिथेच संपली.

यंत्र आले ते मूळ अ‍ॅडॉप्टरविना. सोबत गिटारच्या पेडलसाठी मिळतो तसा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर होता. पेडलच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये मधला टोक ऋण असतो, तर या यंत्रावरील चिन्ह मधला टोक धन हवा असे सांगत होते. व्होल्का मालिकेतील यंत्रांनाही ९ व्होल्टचा, मधला टोक धन असलेलाच अ‍ॅडॉप्टर लागतो. पेडलच्या अ‍ॅडॉप्टरचा प्लग माझ्या यंत्रात बसत होता, व्होल्टेजही तेच, आणि तरीही ध्रुवता (धन-ऋण टोकांची दिशा) उलटी झाल्यास आतले भाग जळू शकतात. म्हणून तो बाजूला ठेवून योग्य अ‍ॅडॉप्टर आणवला आणि यंत्र चालू केले. दिवे लागले, पॅटर्न धावू लागला, पडद्यावर सर्व काही ठीक होते. मुख्य आउटपुटमधून मात्र काहीच येत नव्हते आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर होती.

तक्रार करताच विक्रेत्याने उलट आरोप केला की चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावून यंत्र मीच जाळले. चुकीचा अ‍ॅडॉप्टर त्यानेच पाठवलेला होता, याचे त्याला काही वाटले नाही. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र उघडले तेव्हा ध्वनी बाहेर पाठवणाऱ्या भागाचा वीजपुरवठा बंद असल्याचे आणि तिथे आधीच कोणीतरी सोल्डरचा डाग देऊन दुरुस्तीचा प्रयत्न केल्याचे दिसले. म्हणजे दोष जुना होता आणि तो लपवलेला होता.

मग व्हिडिओत वाजले काय? ग्रूव्हबॉक्सचा सिक्वेन्सर (पॅटर्न क्रमाने वाजवणारा भाग) स्वतःच्या आवाजांबरोबरच मिडी या वाद्ययंत्रांच्या संदेशपद्धतीद्वारे दुसऱ्या यंत्रालाही ‘हा सूर वाजव’ असा संदेश पाठवू शकतो. १९८३ पासून प्रचलित असलेली ही पद्धत अत्यंत उपयुक्त आहे, परंतु मिडीमधून ध्वनी जात नाही, केवळ सूचना जातात. यंत्र सूचना देत होते आणि आवाज संगणकातून येत होता. ट्रॅक बंद केला की सूचना थांबत असल्याने तोही आवाज थांबे, त्यामुळे ताळमेळ निर्दोष दिसला.

म्हणून तयार व्हिडिओवर विसंबू नये. थेट व्हिडिओ कॉल मागावा आणि तो यंत्र बंद असतानाच सुरू करावा. मिडी आणि यूएसबीच्या सर्व तारा काढलेल्या दिसल्या पाहिजेत. यंत्र यूएसबीवरच चालत असेल तर ती तार संगणकाला नव्हे, चार्जरला जोडलेली हवी. हेडफोन थेट यंत्रात खोचून फोनच्या माइकजवळ धरायला सांगावा. एखादा लांब सूर वाजत असताना फिल्टरचा नॉब हळू फिरवायला लावला, तर आवाज सलग बदलतो की मध्येच उडी मारतो, हे लगेच कळते आणि झिजलेला नॉबही त्यातच उघडा पडतो. प्रत्येक पॅड हलके आणि जोरात असे दोन्ही प्रकारे दाबून घ्यावे. जुना पॉलिफोनिक सिंथ असेल तर एकच कळ पुन्हा पुन्हा दाबायला सांगावी, कारण अशा अनेक सिंथमध्ये प्रत्येक वेळी पुढचा व्हॉइस (एक सूर निर्माण करणारा स्वतंत्र भाग) वापरला जातो. रोलंडच्या १९८४ च्या जुनो-१०६ मध्ये सहा व्हॉइस आहेत आणि त्यांच्या चिप निकामी होण्याबद्दल तो सिंथ प्रसिद्धच आहे. एक जरी गेली असेल तरी ठरावीक अंतराने एक सूर गळतो किंवा बिघडून येतो. प्रामाणिक विक्रेत्याला यासाठी फार वेळ लागत नाही. माझ्या विक्रेत्याने कॉलची विनंती ‘नेट चालत नाही’ म्हणून टाळली होती आणि व्हिडिओ मात्र लगोलग पाठवला होता.

पैसे परत मिळालेले नाहीत. बँकेत आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अभिप्राय दोन्ही ठिकाणी दिला आहे. विक्रेत्याचे खाते बंद झाले, पण पुढे तोच व्हिडिओ वेगळ्या नावाने टाकलेल्या जाहिरातीत दिसला. त्यात यंत्राच्या मागच्या बाजूने दोन तारा चौकटीबाहेर गेलेल्या आहेत आणि पॅडवर बोटे आपटण्याचा आवाज कुठेही येत नाही. यंत्र वाजताना दिसते, पण त्या तारांपैकी एकही त्याच्या ऑडिओ आउटपुटला जोडलेली नाही.