पेपरची कुपनं की ऑनलाइन गिव्हअवे? बक्षीस लागायचा चान्स कुठे जास्त

आमच्या घरात दोन्ही करून झालंय. आई कित्येक वर्षं पेपरातली कुपनं कापते, आणि मी लॉकडाऊनमध्ये घरी बसलो तेव्हापासून दोन-अडीच वर्षं ऑनलाइन गिव्हअवेच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पेजेसच्या फुकट बक्षीस योजनांच्या, मागे होतो, रोज रात्री जेवण झालं की तासभर तेच, फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरी टाका. आता मावसभाऊ विचारतोय की दादा यातलं नक्की काय करू, तर त्याला फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. तिकीट विकत घ्यायच्या लॉटरीचा विषय वेगळा, तो इथे घेत नाही.

चान्सचं गणित सगळ्यांना माहीत असतं, आपल्या प्रवेशिका किती आणि एकूण किती. पण आपण सगळा जोर आपल्या प्रवेशिका वाढवण्यावर लावतो आणि एकूण किती येणार तिकडे बघतच नाही. समजा 1 लाख प्रवेशिका आणि 100 बक्षिसं, तर एका प्रवेशिकेला हजारात एक चान्स. तेवढ्याच बक्षिसांना 10 हजारच प्रवेशिका आल्या तर शंभरात एक, आणि आपण जास्तीचं काहीच केलेलं नाही. म्हणून जिथे भाग घ्यायला कष्ट पडतात तिथे जायचं, कारण कष्ट म्हटले की लोक गळतात. गिव्हअवेला अर्धा मिनिट लागतो म्हणून तिथे अख्खा देश असतो. कुपनं दोन-तीन महिने रोज न चुकता कापायची, क्रमाने चिकटवायची, सेंटरवर नेऊन द्यायची, हे शेवटपर्यंत कोण करतं? आमच्या गल्लीत पहिल्या आठवड्यात दहा-बारा घरं कापत असतात, शेवटी प्रवेशिका भरून देणारी तीन-चार उरतात.

बक्षिसांची वाटणीही बघा. गिव्हअवेत एक फोन असतो आणि तो एकालाच. पेपरच्या योजनेत वर गाडी किंवा सोनं असतं, ते सोडून द्या, पण खाली कुकर, इस्त्री, डिनर सेट, भिंतीवरची घड्याळं अशी ढीगभर बक्षिसं असतात आणि आपला चान्स खरा तिथेच असतो. आईला आजवर एक मिक्सर, दोन कुकर आणि एक चांदीचं नाणं लागलंय. मला अडीच वर्षांत एक इअरफोन आणि 500 रुपयांचं व्हाउचर. हा काही पुरावा नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

कुपनांचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही. एक कुपन चुकलं की जीव खाली-वर होतो. मागच्या योजनेत आमचं 47 नंबर गेलं, त्या दिवशी पेपर पावसात भिजून आला होता आणि कुपनाच्या मागची शाई पुढे उतरली होती. आईने ते पाटावर वाळवलं, इस्त्रीसुद्धा फिरवून बघितली, पण नंबरच वाचता येईना. मग पेपरवाल्याकडे, त्याच्याकडे नाही म्हणून रद्दीच्या दुकानात, तिथे तासभर गठ्ठे उपसले आणि शेवटी मिळालं शेजारच्या जोशीकाकूंकडे, त्यांच्याकडे ते डबल होतं आणि त्यांना 52 नंबर हवं होतं. काही योजनांत जोकर कुपन येतं, ते कुठल्याही नंबरच्या जागी चालतं, ते आलं की पहिल्या दिवशीच वापरून टाकू नका, शेवटपर्यंत ठेवा. चिकटवायला खळ वापरू नका, कागद फुगतो आणि कुपन सुटून येतं, ग्लू स्टिक बरी. झेरॉक्स चालत नाही, पिनकोड विसरू नका, आणि प्रवेशिका दिल्यावर पोच मिळत असेल तर ती जपून ठेवा.

ऑनलाइनवाल्यांनाही चान्स वाढवता येतो, ते खोटं नाही. लाखो फॉलोअरच्या पेजपेक्षा आपल्या शहरातल्या छोट्या हॉटेलचं, पुस्तकाच्या दुकानाचं पेज धरा. दोन-तीन दिवसांत संपणारा गिव्हअवे धरा, तो कमी लोकांच्या नजरेला पडतो. स्लोगन लिहा किंवा फोटो पाठवा असं असेल तर जरूर करा, तिथे गर्दी लगेच कमी होते. आणि अकाउंट प्रायव्हेट असेल तर तुमची स्टोरी बहुतेक आयोजकाला दिसतच नाही, मी सहा महिने असाच फुकट घालवले. फेसबुकवर 'ही पोस्ट तुमच्या वॉलवर शेअर करा आणि जिंका' असं दिसलं तर सरळ पुढे जा, ते फेसबुकच्याच नियमात बसत नाही, म्हणजे चालवणाऱ्याला एकतर नियम माहीत नाहीत नाहीतर पेज खोटं आहे.

हे सगळं करूनही मी ऑनलाइन का सोडलं, तर फोन. जिथे तिथे फॉर्ममध्ये नंबर भरला आणि दुसऱ्या वर्षी दिवसाला पंधरा-वीस कॉल यायला लागले. क्लब मेंबरशिप, प्लॉट, लोन, 'सर आपण लकी कपल म्हणून सिलेक्ट झालात'. 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल बंद करायची नोंदणी, केली, थोडा फरक पडला, पण फॉर्म भरताना खाली बारीक अक्षरात आपणच परवानगी दिलेली असते, तिथे डीएनडीचं काही चालत नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये, गाडी चालवताना, रात्री साडेनऊला. तेही सहन केलं असतं. पण एका फॉर्ममध्ये 'पर्यायी नंबर' म्हणून मी बाबांचा दिला होता. बाबांना कॉल आला की तुमच्या मुलाला कार लागलीय, टॅक्सचे 18 हजार आज सहाच्या आत भरा. मी घरी पोचलो तेव्हा बाबा बँकेचं पासबुक आणि चष्मा घेऊन दारात चपला घालत होते. दहा मिनिटं उशीर झाला असता तर पैसे गेले होते. त्या रात्री मी सगळीकडून माझा नंबर काढायला बसलो आणि लक्षात आलं की निघतच नाही. नंबर नंतर बदलला, बँक, गॅस, आधार सगळीकडे नवीन द्यायला दोन महिने गेले. कुपनावरही नाव-नंबर लिहावा लागतो, मान्य, पण आईला त्यामुळे कधी त्रास झालेला नाही, निदान आमच्याकडे तरी.

अशा कॉलला फसायला होतं कारण टॅक्सची गोष्ट अर्धी खरी आहे. 10 हजारांच्या वरच्या बक्षिसावर 30 टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देतानाच कापायचा टॅक्स, खरंच लागतो, आणि बक्षीस वस्तूत असेल तर तो भरल्याशिवाय वस्तू हातात देत नाहीत. म्हणजे 90 हजारांची स्कूटर लागली तर 27 हजारांची तयारी ठेवा, वर सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, तो रिटर्न भरताना वेगळा लागतो. फरक इतकाच की खरा आयोजक पॅन मागतो आणि कापलेला टॅक्स आयकराच्या साइटवर आपल्या पॅनवर जमा दिसतो. खोटा माणूस कुणाच्यातरी नावाचा यूपीआय आयडी देतो आणि घाई करतो.

अजून एक गोष्ट मला पेपरकडे ओढते. ग्राहक संरक्षण कायद्यात, 2019 च्या, बक्षीस योजनेचा निकाल लोकांपासून दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, आणि ज्या पेपरात योजना जाहीर केली त्यातच वेळेत ठळक निकाल छापला तर तो कळवला असं मानतात. आमच्या पेपरात निकाल पानभर येतो, गावासकट नावं असतात, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईंना फ्रिज लागला तेव्हा आई जाऊन बघून आली. गिव्हअवेत कुणी जिंकलं ते चोवीस तासांच्या स्टोरीत सांगतात आणि ती गेली की संपलं. त्यातच त्या पेजच्या नावाचं डुप्लिकेट अकाउंट 'तुम्ही जिंकलात, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज पाठवतं, आणि खरं कुठलं ते कळत नाही.

दिवाळीत बाजारपेठेतल्या दुकानदारांचा लकी ड्रॉ असतो, चान्स कदाचित सगळ्यात जास्त तिथेच, लोक बिलावरचं कुपन खिशातच विसरतात. पण तो वर्षातून एकदा, आणि कुपनासाठी जास्तीची खरेदी करू नका.

तुम्ही हॉस्टेलवर असाल, परदेशात असाल, पेपर येतच नसेल तर ऑनलाइनच करावं लागेल, मग त्यासाठी वेगळा ईमेल आणि वेगळं सिम ठेवा, घरच्यांचा नंबर कुठेही देऊ नका. घरी पेपर येत असेल तर माझं मत कुपनाकडे. सध्याच्या योजनेत आमचं 31 पर्यंत आलंय, 12 आणि 19 डबल आहेत, 26 कुणाकडे जास्तीचं असेल तर सांगा.