नवऱ्याच्या 'संमती'चे ५०,००० रुपये

नवरा पोर्तुगीज नागरिक, राहतो वेगळा, घटस्फोट झालेला नाही आणि बायकोला स्वतःच्या नावावर पोर्तुगीज नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. गोव्यात अशा बायका हेरून लुबाडणारे एजंट आहेत. माझ्याकडून १,८५,००० रुपये उकळले: फाईल उघडायचे ६०,०००, लिस्बनला लग्नाची नोंद चढवायचे ७५,००० आणि 'नवऱ्याची संमती' आणायचे ५०,०००. बदल्यात मिळाला कुरियरच्या पावतीचा फोटो.

जीव जळतो तो त्या ५०,००० साठी. "बाय, घोवाची सही हांव हाडटां," नवऱ्याची सही मी आणतो, असं एजंट म्हणाला. कसली सही? पोर्तुगालच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ सांगतं, की लग्नाला ३ वर्षं उलटलेली हवीत आणि लग्न कायम असताना अर्जदाराने तसं निवेदन द्यायला हवं. त्यासाठीचा फॉर्म मोदेलो ३. निवेदन अर्जदाराचं, सही अर्जदाराची. संमतीचे पैसे मागितले तिथेच चोरी उघडी पडायला हवी होती. पण फॉर्म पोर्तुगीजमध्ये, आणि त्याने तो शेवटपर्यंत हातात दिला नाही. फोनही न उचलणाऱ्या नवऱ्याची सही कोणी आणून देतो म्हटल्यावर कुठली बाई नको म्हणेल? हाच तर यांचा धंदा.

खरी अडचण वेगळीच असते. गोवेकर पोर्तुगीज नागरिकत्व घेताना आपला जन्म लिस्बनला नोंदवतो; नवऱ्याच्या त्या जन्मनोंदीचा उतारा आधी बघा. त्यात लग्नाचा शेरा आहे का? काही जणांनी नागरिकत्व घेताना लग्न दाखवलेलंच नसतं. शेरा नसेल तर आधी लग्नाची नोंद तिथे चढवावी लागते, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हा उतारा ऑनलाईन १० युरोत मिळतो. एजंटला एक रुपया देण्याआधी तो मागवा.

बाकी कागद म्हणजे तुमच्या जन्माचा तेओर (जन्मनोंदीचा पूर्ण उतारा), सोळाव्या वर्षानंतर जिथे जिथे राहिलात तिथले पोलीस दाखले, पोर्तुगीज भाषांतर आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. लग्नावरून नागरिकत्वाची सरकारी फी २५० युरो, अपोस्टिलची परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये. यापलीकडे एजंट जे मागेल ते कशाचं, ते विचारा. फीची पावती वेगळी मागा.

आणखी एक घातक सल्ला देतात: "आधी वेगळं झाल्याचा कागद करा, म्हणजे फाईल स्वच्छ." स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या असल्या कागदाने लग्न मोडत नाही, पण त्याच नादात कोर्टातून घटस्फोट घेतलात आणि अर्ज त्यानंतर गेला, तर हक्कच संपला. नागरिकत्व मिळाल्यावर घटस्फोट झाला म्हणून ते काढून घेत नाहीत. क्रम उलटा केलात की सगळं गेलं. लग्नाला ६ वर्षं पूर्ण झाली असतील तर पोर्तुगालशी नातं नाही एवढ्यावरून तिथला सरकारी वकील हरकत घेऊ शकत नाही, ही २०२० ची दुरुस्ती. घाई कुणाला असते? एजंटला.

"दोन्ही पासपोर्ट ठेवा" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ आहे, दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय जातं.

अर्ज खरोखर दाखल झाला की १२ आकडी कोड मिळतो, त्यावर फाईल कुठे आहे ते ऑनलाईन दिसतं. कोड नाही तर अर्ज नाही. कुरियरची पावती काहीच सिद्ध करत नाही.

आणि पोलीस! एका ठाण्यात म्हणे, एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणे, हा तर दिवाणी मामला, कोर्टात जा. रोख का दिले, हा प्रश्न मला. त्याला बोलावून एक प्रश्न विचारायला कुणाला वेळ नाही. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. हद्दीचं कारण चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाही म्हणाले तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर दंडाधिकारी आहेत. हे एका शिपायानेही सांगितलं नाही. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, एवढंच. बाई एकटी, नवरा परदेशात, हे कळल्यावर तर बसायला खुर्चीसुद्धा नाही.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा. आणि तक्रारीत रकमेबरोबर हेही लिहा, की नवऱ्याची सही आणतो म्हणाला होता. ती सही खोटी असेल आणि कुठल्या फाईलला लागली असेल, तर त्या फाईलवर नाव तुमचं आहे.