बापाच्या घराची वाटणी: सोसावं, समोर बसावं, मंडळीत न्यावं की कोर्टात?

वडील गेले, मृत्युपत्र नाही. घर कोल्हापुरात, न्यू शाहूपुरीच्या बाजूला. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव. मागे आई, दोन भाऊ आणि सगळ्यांत मोठी बहीण. एक भाऊ त्याच घरात राहतो, दुसरा पुण्याला. आणि एके दिवशी आक्कापुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. ‘सही कर आक्का, भावकीत बोभाटा नको. आपण ख्रिस्ती माणसं.’

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. थोड्याफार फरकाने आपल्या अनेक घरांत हेच चाललेलं असतं. अशा वेळी चार वाटा समोर असतात: सोसून गप्प बसणं, समोरासमोर बोलणं, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांना मध्ये घेणं आणि कोर्ट. चारही वाटांना बायबलमधून आधार काढता येतो, म्हणूनच निवड अवघड होते. मी तुलनेसाठी याकोबाच्या पत्रातलं माप वापरतो. वरून येणारं ज्ञान कसं ओळखावं हे तिसऱ्या अध्यायाच्या 17व्या वचनात आहे: ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत मानणारं, दयेनं भरलेलं असतं, आणि त्यात पक्षपात नसतो, ढोंग नसतं. आपण ‘शांतिप्रिय’वर थांबतो आणि ‘पक्षपात नसतो’पर्यंत वाचतच नाही. वाटणीच्या वादात सगळं तिथंच अडतं.

आधी आकडा

नम्रतेची चर्चा घरात होते तेव्हा कुणाचा वाटा किती हे बहुतेक वेळा कुणी मांडलेलंच नसतं. ते मांडा. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. पत्नी आणि मुलं मागे असतील तर एक तृतीयांश पत्नीचा, उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही, मुलीचं लग्न झालंय की नाही याला महत्त्व नाही. घराची किंमत समजा 45 लाख. 15 लाख आईचे, आणि उरलेल्या 30 लाखांत तिघा भावंडांचे प्रत्येकी 10.

‘तुझ्या लग्नात बाबांनी खर्च केला की’ हे वाक्य प्रत्येक घरात येतं. याच कायद्याच्या कलम 49 प्रमाणे, वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला दिलेलं वाट्यातून वजा होत नाही.

आणि आईचं बघा. वाटणीवर भांडण सुरू असतं तेव्हा ती आत चहा टाकत असते. सगळ्यांत मोठा एकटा वाटा तिचा, पण तिला विचारलं जात नाही. ‘आई काय, आमच्याकडेच आहे’ एवढ्यावर तिची बाजू संपते. आईला कुठं राहायचंय, तिच्या औषधपाण्याला पैसा कुठून येणार, हे आधी ठरलं तर निम्मा वाद आपोआप निवळतो असं मला मनापासून वाटतं.

सोसणं आणि समोर बसणं

या दोन वाटा शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत, कारण बाहेरून दोन्ही नम्रच दिसतात.

सोसण्याच्या बाजूने सगळ्यांत जास्त वाचलं जातं ते उत्पत्तीचा 13वा अध्याय. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा झाला, तेव्हा अब्राम म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने पाण्याची, हिरवी यार्देनेची तळवट निवडली. आता यात सोडलं कुणी ते पाहा. अब्राम चुलता होता, वडीलधारा होता, वचन त्याला मिळालेलं होतं. ज्याचा हात वर होता त्याने आधी सोडलं. फिलिप्पैकरांच्या पत्रातला दुसरा अध्यायही असाच चालतो: देवाच्या स्वरूपाचा असून ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं. वरचा खाली आला. म्हणजे घरात राहणारा, किल्ल्या नि कागद हातात असलेला भाऊ जर हा अध्याय आक्काला वाचून दाखवत असेल, तर वचन बरोबर आहे, पत्ता चुकलाय. ते आधी त्याला लिहिलेलं आहे.

तरीही सोसणं हा खरा पर्याय आहे. आक्काचं स्वतःचं नीट चाललंय, भावाचा धंदा बसलाय, पोरं शिकतायत, आणि तिला मोकळ्या मनाने द्यायचंय. तर ती देणगी आहे, आणि सुंदर आहे. खूण एकच: आकडा माहीत असून दिलंय का, आणि दिल्यावर चर्चमध्ये भावाच्या शेजारी बसता येतं का? दहा वर्षं सणाला माहेरी पाऊल न टाकणं, वहिनी दिसली की दुसऱ्या दाराने बाहेर पडणं, हे सोसणं नव्हे. तो अबोला आहे, आणि तो नातवंडांपर्यंत जातो.

समोर बसणं ही मत्तय 18:15ची वाट: भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू दोघंच असताना सांग. दोघंच. नवरा नको, बायको नको, व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप तर मुळीच नको. आपल्याकडे हीच पायरी गाळली जाते. आधी मावशीला सांगितलं जातं, मग महिला मंडळात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून नाव न घेता मांडलं जातं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, तेही चढवून. तसं झालं की माणूस आधी इभ्रत सावरायला लागतो, ऐकायचं राहूनच जातं.

या वाटेचा फायदा उघड आहे: खर्च नाही, बोभाटा नाही, आणि मिटलं तर नातंही वाचतं. तोटा हा की दोघांपैकी एक जण घाबरत असेल, तर बंद खोलीत त्याच्यावर दबाव येतो. बहीण भावाच्या तोंडावर बोलूच शकत नसेल तर तिने एकटीने जायचा हट्ट धरू नये. त्याच उताऱ्यात पुढची पायरी आहे, एक-दोन जणांना सोबत घे.

मंडळीतली माणसं

पाळकसाहेब किंवा पंच मध्ये बसले तर बोलणं सभ्य राहतं, आणि कबूल केलेला शब्द फिरवायला लाज वाटते. पण आपल्या मंडळ्या लहान आहेत. पंच कुणाचा ना कुणाचा सासरा, व्याही, मामा असतोच. नीतिसूत्रे 18:17 म्हणतं, पहिला बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. पंचांनी दोघांचं एकत्र ऐकावं, एकट्या भावाच्या घरचं जेवून आल्यावर नव्हे. दोघांनाही मान्य असलेली दोनच माणसं घ्या, त्यात एक बाई असू द्या, आणि दुसऱ्या गावच्या मंडळीतलं कुणी मिळालं तर फारच बरं. कागदपत्रांचं मात्र पंचांनी सांगितलेलं पुरत नाही. ठरलं ते वकिलाकडून लिहून, नोंदणी करूनच पक्कं होतं.

कोर्ट

इथं 1 करिंथकरांस 6 काढलं जातं: भाऊ भावावर फिर्याद करतो, तेही अविश्वासणाऱ्यांपुढे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे 7वं वचन. पुढचं 8वं फारसं कुणी वाचत नाही: पण तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, तेही आपल्या भावांना. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने लुबाडलेल्याला जितकं सांगितलं, तितकंच लुबाडणाऱ्यालाही सुनावलं. आणि तोच पौल, न्याय मिळत नाही असं दिसल्यावर, रोमच्या बादशहाकडे, कैसराकडे, दाद मागायला कचरला नाही.

ऑगस्ट 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी कित्येक वर्षं झगडून ते मिळवलं, आणि ज्यांची अपिलं मुंबईला अडकायची त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण कोर्ट जवळ आलं म्हणून वाटणीचा दावा लवकर संपत नाही. खालचं कोर्ट, अपील, पुन्हा अपील. तोवर आई राहते की नाही कुणाला माहीत.

म्हणून कोर्ट आणि घर यांच्या मधली एक वाट सांगतो, लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली ती चालते. दावा दाखल करण्याआधीही प्रकरण तिथं नेता येतं, कोर्ट फी लागत नाही, दोघांच्या संमतीने जो निवाडा होतो त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, आणि त्यावर अपील नाही. याच कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. समेटाची ही वाट मत्तयाच्या तिसऱ्या पायरीपेक्षा, म्हणजे मंडळीपुढे मांडण्यापेक्षा, फार लांब नाही. दोघांनाही बसायचंच आहे, फक्त मध्ये नात्यातलं कुणी नाही.

एका बाबतीत मात्र तुलना करत बसू नका. आईला घराबाहेर काढलं जातंय, मारहाण होतेय, जेवण तोडलं जातंय, तर थेट पोलीस, आणि 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. तिथं ‘नम्र राहा’ म्हणणारा माणूस मारणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

देवाला विचारायचं म्हणजे काय

यहोशवाच्या 9व्या अध्यायात शेजारचेच गिबोनी लोक बुरशी आलेली भाकर नि फाटके जोडे दाखवून, आपण फार दुरून आलो असं भासवून तह करून घेतात. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी भाकर तपासली, परमेश्वराला मात्र विचारलं नाही. तीन दिवसांनी सत्य कळलं, पण शपथ झालेली होती. घाईघाईने पुढे केलेला हक्कसोडपत्राचा कागद बघितला की मला तो अध्याय आठवतो. एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड.

याच्या शेजारी गणनेचा 27वा अध्याय ठेवा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या: आमचा बाप वारला, त्याला मुलगा नाही, तर भावकीत आम्हाला वतन द्या. मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र होता, असं त्याच पुस्तकात लिहिलंय. त्याने काय केलं? ‘गप्प बसा’ म्हटलं नाही, रीत सांगितली नाही, स्वतःच्या अक्कलहुशारीने निकालही दिला नाही. त्यांचं म्हणणं देवापुढे नेलं. उत्तर आलं: त्या बरोबर बोलतात. न्याय मागणाऱ्या मुलींना देवाने गर्विष्ठ ठरवलं नाही. आणि नम्र मोशेला आपल्या काळातली रीत बदलावी लागली.

आक्कालाही एक उतारा पेलायचा आहे. लूक 12मध्ये एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणी करत नाही. लोभापासून सांभाळा, म्हणतो. हक्क खरा असूनही त्यामागे जुना राग असू शकतो, लहानपणी भावालाच सायकल मिळाली होती याचासुद्धा. प्रार्थनेत विचारायचं ते हे: मला 10 लाख हवेत, की त्याला खाली बघायला लावायचंय?

मिटलंच नाही तर

कधी कधी भावंडं एका छपराखाली राहूच शकत नाहीत. घर विकून वाटे घेणं, हाही निकाल आहे. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा, मार्काला प्रवासात बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळे झाले, आणि पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं. कोल्हापुरातल्या मिशनचाही इतिहास असाच आहे. 1852 साली इथं आलेल्या रॉयल वाइल्डर यांचं शाळांच्या प्रश्नावर त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेशी पटलं नाही. संबंध तुटल्यावर 1861मध्ये ते स्वतंत्रपणे परतले, आणि 1870मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्या हाती घेतलं.

तुमच्यापुढे आज कागद असेल तर या आठवड्यात एवढं करा. सही थांबवा आणि तसं भावाला स्वतः सांगा, निरोप धाडू नका. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. घर मिशनच्या किंवा ट्रस्टच्या जागेवर असेल तर वाटणीचा प्रश्नच वेगळा होतो, ते आधी कळू द्या. मग आईजवळ बसा, भाऊ नसताना आणि भाऊ असतानाही, आणि तिला काय हवंय ते तिच्या तोंडून ऐका.